चौतीस टोप्या फ्रेमबाहेर

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. कार्यशाळेतले सर म्हणाले होते, दिग्दर्शकानं रोजनिशी ठेवावी आणि ती कुणाला दाखवू नये. पहिलं सोपं आहे. दुसरं जड जाईल, कारण पुढेमागे लोक मागतीलच.

काल रात्री ताई आली होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बावीस वर्षं पोहण्याच्या तलावावर शिकवते. तलाव एका संस्थेचा, संस्थेची सात जणांची समिती, आणि त्या सातांपैकी एकानंही आजवर त्या पाण्यात पायाचा अंगठा बुडवलेला नाही. २२ तारखेला त्यांची बैठक आहे. विषय एकच. तलावाची दुरुस्ती करायची, की तो बुजवून तिथं गाड्या लावायला जागा करायची. अध्यक्ष ताईला म्हणाले, आम्हाला यायला सवड नाही, दहा मिनिटांची फिल्म आणा, बघतो आणि ठरवतो. तलाव गेला की ताईचं काम गेलं. एक्कावन्नाव्या वर्षी तिला नवीन काम कोण देणार?

ताई म्हणाली, बाळ्या, तू तो कॅमेऱ्याचा कोर्स केलायस ना, जरा येऊन लोक पोहताना दाखव. बाकी काही नको. मोबाइलवर काढलंस तरी चालेल.

मोबाइलवर! सहा दिवसांची कार्यशाळा केली, प्रमाणपत्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलं, आणि मोबाइलवर. मी नुसता हसलो. तिला वाटलं मी हो म्हणालो.

संकल्प: रोज पाचला उठणे. एकही शॉट साधा न घेणे. समितीला रडवणे.

४ मार्च, मंगळवार
साहेबांकडे रजेचा अर्ज दिला. कारण: माहितीपट. साहेबांनी विचारलं, कुणाच्या लग्नाचा? आमच्या जावक विभागात कलेची जाण असती तर मी आजवर पाकिटांवर शिक्के मारत बसलो नसतो. रजा मिळाली. साहेब म्हणाले, तुम्ही नसलात तरी काही अडत नाही. चांगला माणूस आहे.

कॅमेरा पुसला. लेन्स पुसली. प्रमाणपत्रही पुसलं.

५ मार्च, बुधवार
पाचला उठायचं होतं. सव्वासहाला उठलो, कारण दिग्दर्शकाची झोप पूर्ण हवी.

तलावावर पोचलो तर काय तो गोंगाट! सकाळची बायकांची बॅच. चौतीस जणी. निम्म्या साठीच्या पुढच्या. त्यांच्या म्होरक्या म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणतात. वय एकाहत्तर. गुडघे गेलेले. काठी टेकत टेकत येतात, काठी कडेला ठेवतात, आणि पाण्यात शिरल्या की कवायतीला निघाल्यासारख्या ताडताड चालतात. डॉक्टरांनी म्हणे सांगितलंय, हे चालणं थांबलं की तुमचं चालणंच थांबलं.

फिल्म होणार म्हणून चौतीस जणींनी एकसारख्या पिवळ्या टोप्या आणल्या होत्या. पिवळ्याधमक! निळ्या पाण्यावर! आणि सगळ्या जणी कॅमेऱ्यात बघून हसतायत. एक जण तर अर्धा तास हातच हलवत होती. मी ओरडून सांगितलं, कॅमेऱ्याकडे बघू नका, मी इथं नाहीच असं समजा. बाई म्हणाल्या, अहो दिग्दर्शक, मग तुम्ही कोणासाठी आलात?

जीवरक्षकाचं नाव इथं शिट्टी पडलंय. गळ्यात कायम शिट्टी. तिच्यावर ऊन चमकतं आणि फ्रेम खराब होते. मी ती काढून ठेवायला सांगितली. तर म्हणतो, साहेब, कुणी बुडायला लागलं तर टाळ्या वाजवू का?

ताई सगळ्यांसमोर मला बाळ्या म्हणते. सेटवर दिग्दर्शकाला बाळ्या म्हणू नये, हे तिला एकांतात सांगायला हवं. शिट्टीही दुपारपासून बाळ्यासाहेब म्हणायला लागलाय.

आजचं काम: शून्य. पण निरीक्षण भरपूर.

६ मार्च, गुरुवार
आज थिअरी प्रत्यक्षात उतरवली. कॅमेरा खाली ठेवला की माणूस मोठा दिसतो, वर ठेवला की लहान. ताई मोठी दिसायला हवी. म्हणून तलावाच्या कडेला ओल्या फरशीवर उताणा झोपलो आणि कॅमेरा वर धरला. भव्य! ताईच्या मागे नुसतं आभाळ.

ताई म्हणाली, ऊठ, बायकांची यायची वाट आहे, कुणीतरी पाय देईल. मी म्हणालो, कलेत थोडं सोसावं लागतं. कुणीतरी पाय दिला. मग आणखी कुणीतरी दिला. दुसरा बाईंचा होता आणि मुद्दाम होता असं माझं मत आहे.

मग टॉप अँगल. उडी मारायच्या उंच फळीवर चढलो. खालून ती फळी एवढी उंच दिसत नाही. हा अँगलचा परिणाम मला वर गेल्यावर समजला. बसत बसत खाली उतरलो. शॉट नाही घेतला. वरून ताई लहान दिसली असती, म्हणून जाणीवपूर्वक टाळला.

८ मार्च, शनिवार. दुपारी
घरी आतापर्यंतचं चित्रण बघितलं. ही शेजारी भाजी निवडत बसली होती. म्हणाली, ताई अशा का दिसतायत? कुणाला तरी शिक्षा सुनावल्यासारख्या? मी सांगितलं, हा लो अँगल आहे, यातून अधिकार व्यक्त होतो. ही म्हणाली, यातून नाकपुड्या व्यक्त होतायत.

मग एक चुकीची क्लिप लागली. बुधवारी चहा प्यायला गेलो तेव्हा कॅमेरा बाकावर चालूच राहिला होता. अकरा मिनिटं. बाकाच्या उंचीवर, हलत नाही की डुलत नाही. बाई पाण्यात चालतायत, एका छोट्या मुलीला हाताला धरून पाय मारायला शिकवतायत, ताई काठावर बसून मोजतेय, कुणीतरी पडतं, सगळ्या हसतात, मागे शिट्टीची शिट्टी. हिनं भाजी निवडायची थांबवली. म्हणाली, अहो, हेच द्या की! याच्यात सगळं आहे.

हिला कसं समजवावं. यात दिग्दर्शक कुठं आहे? हे तर बाकानं काढलंय. कार्डावर जागा करायची होती, ती क्लिप तेवढी उडवली.

ही परत भाजी निवडायला लागली आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही. बहुधा विचार करत असावी.

९ मार्च, रविवार
मूळ अडचण लक्षात आली. लोक.

जिथं फ्रेम लावावी तिथं लोक. तलाव सुंदर आहे, पाणी सुंदर आहे, फरशीच्या रेषा सुंदर आहेत, आणि मधे डोकी. सर म्हणाले होते, गर्दी ओरडते, रिकामी फ्रेम बोलते. आता कळलं. हा तलाव गेला तर काय हरवेल हे दाखवायचं असेल, तर आधी तो हरवलेला दाखवायला हवा. हे सुचल्यावर मी उठून उभाच राहिलो. बघायला कुणी नव्हतं.

१० मार्च, सोमवार
ताईला सांगितलं, एक सकाळ तलाव पूर्ण रिकामा हवा. ताई म्हणाली, अरे, इथं लोक येतात हे दाखवायलाच तर फिल्म आहे ना? मी तिला समजावलं की अनुपस्थितीतून उपस्थिती जाणवते. ती माझ्याकडे बघत राहिली. मी चौथीत नापास झालो तेव्हा बघितलं होतं तसंच. मग म्हणाली, तू शिकलायस, तुला माहीत.

ताईचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. लहानपणापासून. पोहायला मात्र तिनं मला शिकवलं नाही. म्हणजे शिकवत होती, मीच गेलो नाही.

११ मार्च, मंगळवार
ऐतिहासिक सकाळ. बायकांची बॅच रद्द. चौतीस जणी तरी आल्याच, कारण निरोप वेळेत पोचला नाही (निरोप देणं माझ्याकडे होतं). त्यांना फाटकाबाहेर थांबवलं. भिंतीच्या कडेनं सगळ्या बसल्या, मांडीवर पिशव्या, डोक्यावर टोप्या. बाईंनी विचारलं, आम्ही कधी आत यायचं? मी म्हणालो, पाणी शांत झालं की. बाई म्हणाल्या, पाणी शांत झालं की आमचा काय उपयोग?

पाणी शांत व्हायला चाळीस मिनिटं लागतात. वारा आला की पुन्हा पहिल्यापासून. दोन वेळा शिट्टीनं पाण्यातून पान काढलं आणि सगळं बिघडवलं. तिसऱ्यांदा मी पान राहू दिलं. नंतर आणखी आठ-दहा आणून टाकली.

काय शॉट मिळाला! आरशासारखं पाणी, वर पानं, एक माणूस नाही, एक आवाज नाही. अंगावर काटा आला. अकरा वाजता बायका घरी गेल्या. बाईंनी जाताना काठी जरा जास्तच आपटली.

१२ मार्च, बुधवार
आज क्लोज-अप. सर म्हणतात, खरं काय ते बारकाव्यात असतं.

तलावाच्या दोन फरशांना तडे आहेत. ताईच्या मते गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. कॅमेरा पाच इंचांवर नेला तर तडा दरीएवढा दिसतो. दोन तडे नऊ बाजूंनी घेतले. एडिटिंगमध्ये अठरा होतील. कपडे बदलायच्या खोलीत एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटलाय, तो घेतला. शॉवर गळतो, त्याचा थेंब घेतला. थेंब फार सुंदर पडतो.

शिट्टी म्हणाला, वॉशर गेलाय, दोन मिनिटांत बसवतो. मी ताकीद दिली, २२ तारखेपर्यंत हात लावायचा नाही. चहा पिऊन येतो तो वॉशर बसवलेला. मला पुन्हा सैल करावा लागला. तो म्हणाला, बाळ्यासाहेब, आपण तलाव वाचवतोय ना? हो म्हणालो. काही लोकांना कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी.

१४ मार्च, शुक्रवार
पाण्याखालचं चित्रण. मित्राकडून कॅमेऱ्याची जलरोधक पेटी आणली. मला पोहता येत नाही, पण चित्रणाला पोहावं लागत नाही. उथळ बाजूच्या तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो आणि हात पाण्यात घातला. मुलांची बॅच. पाण्याखालून नुसते पाय, धडपडणारे, डोकी नाहीत. स्लो मोशनमध्ये तर असं वाटतं की कुणीतरी जिवाच्या आकांतानं... म्हणजे प्रभावी.

मग थोडं आणखी जवळ जावं म्हणून चौथ्या पायरीवर पाय ठेवला. चौथी पायरी नव्हती.

पुढचं थोडक्यात. शिट्टीनं शिट्टी फुंकली, उडी मारली, मला मानगूट धरून वर काढलं. पाणी कमरेएवढंच होतं असं ताई म्हणते, पण कंबर कुठं आहे हे तेव्हा मला ठरवता येत नव्हतं. पाच-सहा वर्षांची पोरं कडेला रांगेत उभी राहून बघत होती. एक म्हणाला, काका, पाय मारायचे असतात. शिट्टीच्या नोकरीला नऊ वर्षं झाली. त्यानं बाहेर काढलेला मी पहिला माणूस. त्यानं तशी वहीत नोंद केली आणि माझी सही घेतली.

आणि कॅमेरा चालूच होता! आता घरी बघितलं. हिरवं पाणी, बुडबुडे, वर जायला धडपडणारा एक हात, अंधार, लांबून शिट्टी. एकवीस सेकंद. असा शॉट ठरवून घेता येत नाही. फिल्मचा शेवट मिळाला.

१५ मार्च, शनिवार
सर्दी. ताप ९९.१. ही म्हणते हा ताप नाही.

१६ मार्च, रविवार
तरीही ताईची मुलाखत घेतली. तिनं फाइल आणली होती. रोजची हजेरी, बावीस वर्षांची. खुर्चीत बसून वीस मिनिटं बोलली. कोण पाण्याला घाबरायचं आणि आता कोण शर्यती जिंकतं, कुणाचा दमा कमी झाला, बाईंचे गुडघे, एक मुलगा बोलायचा नाही तो पाण्यात पहिला शब्द कसा बोलला. तो शब्द होता “थंड”. सांगताना ताईचा आवाज बसला. मी तेव्हा फोकस बघत होतो.

मग एक लहानगा खोल बाजूकडे निघाला म्हणून ताई बोलणं अर्धवट टाकून धावली. खुर्ची तेवढी राहिली. रिकामी. थोडी हलत होती. कॅमेरा तसाच ठेवला. चाळीस सेकंद.

इथं माझा निर्णय झाला. वीस मिनिटांत जे सांगून झालं नाही ते खुर्चीनं सांगितलं. मुलाखत काढली, खुर्ची ठेवली.

१८ मार्च, मंगळवार
एडिटिंग. रंग काढून टाकला. निळं पाणी फार सोपं असतं, कुणालाही आवडतं. काळ्यापांढऱ्यात तलावाला खोली आली.

संगीत नको. फक्त शॉवरचा थेंब आणि माझा श्वास (काल घरीच रेकॉर्ड केलेला, सर्दीमुळे जरा घरघरतो).

नाकपुड्यांचा शॉट काढला. हिचं ऐकून नव्हे. लयीत बसत नव्हता. आता पूर्ण दहा मिनिटांत एकही चेहरा नाही. हे फार थोड्यांना जमलं असेल.

ताईचा फोन. झाली का, दाखव ना. मी सांगितलं, पहिल्या प्रदर्शनाआधी कुणी बघत नसतं. म्हणाली, बरं बाबा, बाईंनी विचारलंय, टोप्या दिसतायत का छान? मी म्हणालो, त्यांना सांग, त्या फिल्मभर जाणवतात.

थोड्या वेळानं खुद्द बाईंचा फोन. आम्ही जाणवतो म्हणजे दिसतो का? मी म्हणालो, नाही, तुमची अनुपस्थिती दिसते.  बाई म्हणाल्या, चाळीस वर्षं मी अनुपस्थितांच्या नावापुढे लाल फुली मारत आले.

२० मार्च, गुरुवार
नाव ठरलं: ‘पाणी आठवतं’. ही म्हणाली, हे कुणी गेल्यावर ठेवायचं नाव वाटतं. मी म्हणालो, तोच तर परिणाम साधायचाय. ही म्हणाली, अहो, ताईंना दाखवा एकदा, हात जोडते. मी म्हणालो, परवा जग बघेल. ही म्हणाली, जग नाही हो, सात जण आहेत आणि त्यांना गाड्या लावायच्यात.

नैराश्य पसरवणाऱ्यांपासून दूर राहणे. (संकल्प.)

२२ मार्च, शनिवार. दुपारी ४.४०
जिंकलो!

घाईत लिहितो, समिती आत चर्चा करतेय. सभागृहाचे पडदे ओढले, दहा मिनिटं कुणी हललं नाही. रिकाम्या पाण्यावर खजिनदारांनी चष्मा काढला. तड्यांना कुणीतरी “अरे अरे” म्हणालं. खुर्चीला एका सभासद बाईंनी रुमाल काढला. शेवटचा हात बुडाला तेव्हा तर सभागृहात कुणी श्वास घेईना. दिवे लागले तरी टाळ्या नाहीत. टाळ्यांच्या पलीकडची शांतता म्हणतात ती हीच.

उपाध्यक्षांनी हळू आवाजात विचारलं, ही घटना कुठल्या साली झाली? मी म्हणालो, कलेला साल नसतं. त्यांनी मान खाली घातली. अध्यक्षांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, तुम्ही आमचे डोळे उघडलेत.

ताई बाहेर बाकावर आहे. कर्मचाऱ्यांना बैठकीत घेत नाहीत. मांडीवर हजेरीची फाइल. मी अंगठा वर करून दाखवला. इतकी हसली! बाईंना लगेच फोन केला.

२२ मार्च. संध्याकाळी ७
ठराव एकमतानं. तलाव ३१ तारखेनंतर बंद.

कारणं ठरावात छापली आहेत: चित्रफितीत दिसून आलेली कमालीची दुरवस्था, वापराचा संपूर्ण अभाव, आणि जीवितास असलेला धोका.

ताईनं कागद दोनदा वाचला. फाइल कुणी मागितली का, एवढंच विचारलं. नाही म्हणालो.

२३ मार्च, रविवार
शांतपणे विचार केला असता पुढील गोष्टी स्पष्ट होतात. प्रोजेक्टर जुना होता. पडद्याला सुरकुती होती. समितीला चित्रभाषा येत नाही. ज्यांनी आयुष्यभर फक्त इतिवृत्तं वाचली त्यांना रिकामी फ्रेम दाखवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. दोष असलाच तर एवढाच, की फिल्म त्यांच्या कुवतीबाहेर गेली.

हिला वाचून दाखवावंसं वाटलं. ती माहेरी गेलीय. नाही, भांडून नाही. तिनं तसं सांगितलं नाही.

२४ मार्च, सोमवार
अध्यक्षांना भेटलो. सगळं समजावून सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.

सांगितलं की बुडणारा माणूस मी. ते म्हणाले, मग तर धोका सिद्धच झाला. सांगितलं की पाणी कमरेएवढं होतं. ते म्हणाले, तसं दिसलं नाही. सांगितलं की पानं मी टाकली, वॉशर मी सैल केला, तडे दोनच आहेत. त्यांनी कौतुकानं मान हलवली. शेवटी सांगितलं की रिकाम्या तलावाच्या फाटकाबाहेर तेव्हा चौतीस बायका बसल्या होत्या, रोज येतात, पावसापाण्यात येतात. अध्यक्षांनी विचारलं, मग दाखवल्या का नाहीत?

मी सरांचं वाक्य सांगायला लागलो. गर्दी ओरडते आणि पुढचं. अर्ध्यातच थांबलो. त्या खोलीत ते वाक्य बरोबर वाटेना.

म्हणालो, एकदा प्रत्यक्ष चला, सकाळी साडेसहाला, दहा मिनिटं. ते म्हणाले, आता काय बघायचंय, इतकं खरं बघितल्यावर? तुमच्या बोलण्यावर विश्वास ठेवू की स्वतःच्या डोळ्यांवर?

निघताना त्यांनी थांबवलं. त्यांच्याच ओळखीच्या एका संस्थेचं जुनं वाचनालय आहे. बंद करायचंय, पण काही सभासद फार भावनिक होतात. तुमच्यासारख्या माणसानं दहा मिनिटांची फिल्म केली तर काम सोपं होईल. असं काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही, म्हणाले.

विचार करून कळवतो म्हणालो. नाही म्हणालो नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं लिहिणार?

३१ मार्च, सोमवार
तलावाचा शेवटचा दिवस. जायचं नव्हतं, गेलो. कॅमेरा नेला नाही. (बॅटरी उतरली होती.) (बॅटरी उतरली नव्हती.)

सगळ्या आल्या होत्या, टोप्या घालून. कुणी मला काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. बाई वेळ संपली तरी पाण्यातच होत्या. शिट्टी तीनदा शिट्टी वाजवायला गेला आणि तीनदा वाजवली नाही. शेवटी ताईनं हात धरून त्यांना वर घेतलं. पायऱ्यांवर बाई खूप वेळ थांबल्या. पाण्याबाहेर त्यांना एवढं जड जातं हे मी पहिल्यांदा बघितलं. मला फार लाज वाटली.

मग शिट्टीनं झडप उघडली. तलाव रिकामा व्हायला सहा तास लागतात.

६ एप्रिल, रविवार
हीही परत आली, ताईही आली. ताई रविवारी दुपारी घरी आली असं बावीस वर्षांत पहिल्यांदाच झालं. तिनं दोन ठिकाणी कामाला अर्ज केलेत. एकीकडून वय विचारून फोन ठेवला. दुसरीकडे शनिवारी बोलावलंय, दोन बस बदलून जावं लागेल. हे सगळं तिनं हसत सांगितलं. मग म्हणाली, बाळ्या, ती फिल्म मी बघितलीच नाही अजून. दाखव.

मी म्हणालो, लॅपटॉप अपडेट होतोय. हिनं आतून लॅपटॉप आणला, उघडला आणि ताईसमोर ठेवला. झालेला दिसतोय, म्हणाली.

ताईनं चष्मा लावला आणि हात मांडीवर ठेवून बसली. शिकवायला बसते तशी, ताठ. रिकामं पाणी आलं. ताई बघत होती. पानं आली, तडे आले, पोपडे आले. ताई एकदा पुटपुटली, काय ही दशा करून ठेवलीय लोकांनी. थेंब पडत राहिला. खुर्ची आली तेव्हा ती थोडी पुढं वाकली, पण खुर्ची काय, कुठंही असते. मुलांचे पाय आले. हात आला, बुडाला, अंधार झाला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि मग सोडलं.

पडदा काळा झाला. नाव आलं. माझं नाव आलं.

ताई म्हणाली, छान काढलीयस रे. दुर्लक्ष केलं की तलावाचं काय होतं, ते आधी दाखवलंस, हे फार चांगलं केलंस. कुणालाही वाईट वाटेल. मग चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला, खुर्ची थोडी पुढं ओढली आणि म्हणाली, हं, आता आपला दाखव.